बादशहा 'छान' म्हणाला

गाडी शहराबाहेर पडून पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात बायकोने त्याच्याकडून वचन घेतलं.

"तीन दिवस," ती म्हणाली. "शुक्रवार, शनिवार, रविवार. कुणी काही दाखवलं, खायला दिलं, प्यायला दिलं, की नुसतं छान म्हणायचं. पुढे 'पण' लावायचा नाही."

"आणि छान नसेल तर?"

"तर जरा हसून छान म्हणायचं."

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहणं पसंत केलं. बायको गप्प बसणार नव्हती हे त्याला ठाऊक होतं, आणि या खेपेला तिचं चुकत नव्हतं हेही ठाऊक होतं.

या माणसाने चौतीस वर्षं काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात काढली होती, आणि त्यातली एकतीस एका खुर्चीवर. अंधारी खोली, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. समोर पांढऱ्या दिव्याचा पडदा, त्याच्यापुढून सरकणारा पट्टा, पट्ट्यावरून एकामागून एक जाणाऱ्या रिकाम्या बाटल्या. त्याने फक्त बघायचं. मानेला चीर, बुडाला पातळपणा, अंगात बुडबुडा, काहीही दिसलं की हातातल्या आकड्याने ती बाटली खाली ओढायची. खालच्या लोखंडी पेटीत पडून ती फुटायची आणि काच परत भट्टीत जायची. कागदोपत्री तो तपासनीस होता. पण दिवसभर बाद, बाद करत बसतो म्हणून लोकांनी त्याला बादशहा करून टाकलं, आणि पुढे साहेबसुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागले.

आता कुठलाही शहाणा माणूस कामावरून येताना डबा घेऊन येतो, खुर्ची तिथेच ठेवतो. याने खुर्ची घरी आणली. बायकोने नवे पडदे शिवले तर हा दारातूनच सांगायचा, उजवा बोटभर आखूड आहे. पोरीने सहाव्या वर्षी घराचं चित्र काढून दाखवलं, वर धुराडं, बाजूला झाड. हा म्हणाला, झाड डावीकडे वाकलंय आणि धूर उजवीकडे चाललाय, असं कसं होईल? पोरीने चित्र फाडलं नाही, घडी करून दप्तरात ठेवलं आणि पुन्हा कधी दाखवलं नाही. तो खोटं कधीच बोलायचा नाही, हीच तर पंचाईत होती. खोटारड्या माणसाशी भांडता तरी येतं.

आठ महिन्यांपूर्वी पोरीने आणि जावयाने नवं घर घेतलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. जावयाचे आईवडील, त्याच्या कचेरीतली माणसं, घर भरलेलं. बादशहाने जेवणाआधी भिंतींवरून हात फिरवला, एका ठिकाणी बोटाने टकटक केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "या भिंतीत पाणी मुरतंय. फसलात तुम्ही." त्यानंतर पोरीचा फोन बंद. चार महिन्यांनी ती भिंत खरोखर ओली झाली, प्लास्टर पडलं. ही बातमी त्यांना पोरीकडून नाही, तिच्या शेजारणीकडून कळली. तो बायकोला म्हणाला, "बघ, मी सांगितलं होतं." त्यावर बायको रडायलाच लागली.

"तुम्हाला आता एकच मित्र उरलाय," ती गाडीत म्हणाली. "बायको जाऊन पाच महिने झालेत त्यांना. आपण दोन दिवस त्यांचं मन रमवायला चाललोय. त्यांना तरी घालवू नका."

"नाही घालवत."

"शपथ?"

"छान," तो म्हणाला, आणि ती हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल.

वाटेत एका हॉटेलात त्यांनी चहा घेतला. चहा कोमट होता, कपाच्या कडेला कुणाची तरी लिपस्टिक होती. वाढणाऱ्या बाईने विचारलं, कसा झालाय? त्याने एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून "छान" म्हटलं. बाईने इतक्या खुशीने मान हलवली की तो दोन मैल गाडीत विचार करत होता. एवढंच असतं होय? लोक हे रोज करतात?

हा उरलेला मित्र म्हणजे भट्टीवाला. कारखान्यात भट्टीवर होता, बावीस वर्षं. तपासनिसाचा तिथे कुणाला लळा असण्याचं कारण नव्हतं. त्याने आकडा मारला की पाळीतल्या सगळ्यांच्या मेहनतीचा चुरा. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर कुणी बसत नसे. पण भट्टीवाला पहिल्याच आठवड्यात त्या अंधाऱ्या खोलीत घुसला, घामाने निथळत, आणि म्हणाला, "दाखव. काय चुकलं ते दाखव." बादशहाने एक बाटली उजेडासमोर धरली, बोट ठेवलं. भट्टीवाल्याने डोळे बारीक करून पाहिलं, "हं," म्हणाला, आणि जाऊन आच कमी केली. मग ते रोजचंच झालं. दोघं एका बाकावर जेवायला लागले. जास्त बोलत नसत. बारा वर्षांपूर्वी भट्टीवाल्याच्या बायकोला वडिलांचा द्राक्षमळा मिळाला, आणि काच वितळवणारा माणूस वाइन करायला गेला. दरवर्षी एक बाटली पाठवायचा. बादशहा आधी बाटली उजेडात धरायचा, मग वाइन प्यायचा, मग फोन करून दोन्हींतले दोष सांगायचा. भट्टीवाला पलीकडून "हं" म्हणायचा.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचाच फोन आला होता. "येऊन जा. सोमवारी माल बघायला घेणारा येतोय, त्याच्या आत ये." एवढं बोलून ठेवून दिला. बादशहाला वाटलं, एकटा पडलाय बिचारा.

दुपार कलताना ते पोचले. दोन्ही बाजूंना उतारावर वेलींच्या रांगा, मधून मातीची वाट, वाटेच्या टोकाला दगडी घर. भट्टीवाला दारात उभा होता. निम्मा उरला होता. सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"या वहिनी," तो म्हणाला. "अरे बादशहा, अजून जिवंत आहेस होय!"

"छान आहे घर," बादशहा म्हणाला. भट्टीवाल्याने त्याच्याकडे जरा चमकून बघितलं.

स्वयंपाकघरात एका खुंटीवर बाईमाणसाची गवती टोपी तशीच लटकत होती. भट्टीवाल्याने चुलीवर दूध ठेवलं आणि टेबलाशी बसून सांगायला लागला. यंदाची द्राक्षं तिने स्वतः तोडली होती. दुखणं अंगात मुरलेलं होतं, पण तोडणीचे सगळे दिवस ती रांगेत होती. ती गेली तेव्हा वाइन पिंपांत पडून काही महिने झाले होते. अकरा पिंपं. मुलगा म्हणतो, मळा शेजाऱ्याला देऊन टाका आणि आमच्याकडे शहरात चला. सातव्या मजल्यावर एक खोली आहे.

"जाणार?" बादशहाच्या बायकोने विचारलं.

"सोमवारवर आहे, वहिनी. घेणाऱ्याला माल पसंत पडला तर पुढचं साल मी इथेच काढणार. तिने लावलेल्या नव्या वेलींना तेव्हा पहिला घड येईल. नाही पसंत पडला, तर मग एवढा पसारा कुणासाठी करायचा? जाईन सातव्या मजल्यावर."

दूध उतू गेलं होतं. उतू जाऊन करपलं होतं, घरभर जळका वास सुटला होता, आणि भट्टीवाला चुलीपासून तीन हातांवर पाठ करून बोलत बसला होता. बादशहाने तोंड उघडलं. बायकोने टेबलाखालून त्याचा पाय दाबला, हळूच उठली आणि चूल विझवली. त्याने तोंड मिटलं. दुःखात माणसाचं लक्ष नसतं, त्याने स्वतःला समजावलं.

शनिवारी सकाळी भट्टीवाल्याने दोघांना तळघरात नेलं. सोळा पायऱ्या उतरून गेल्यावर थंड, दमट, लांबट खोली. एका बाजूला अकरा मोठी लाकडी पिंपं आडवी, प्रत्येकाच्या पोटावर बूच. कोपऱ्यात दोन लहान पिंपं. भट्टीवाला थेट त्यांच्याकडे गेला. मोठ्यांना हातही लावला नाही. एकाचं बूच काढलं, काचेची लांब नळी आत सोडली, वरून अंगठा दाबून बाहेर काढली आणि पेल्यात धार सोडली. तीच वाइन, तिनेच तोडलेल्या द्राक्षांची, असं तो म्हणाला. पेला त्याने बादशहाच्या हातात दिला.

"बोल," तो म्हणाला.

पेला नाकाशी यायच्या आधीच बादशहाला कळलं. आंबलेला, नाकात चढणारा वास. पोरगी कॉलेजात असताना नखांचा रंग पुसायची, त्या बाटलीचं झाकण उघडल्यावर यायचा तसला झणका, आणि त्याखाली सरळ सरळ व्हिनेगर. त्याने घोट घेतला. जिभेच्या कडा आवळल्या. याला वाइनमधलं ओ की ठो कळायची गरज नव्हती. रस्त्यावरचा माणूसही सांगू शकला असता.

त्याने वर बघितलं. भट्टीवाला त्याच्याकडे बघत होता. डोळे तसेच बारीक केलेले, अंधाऱ्या खोलीत करायचा तसे. त्याच्या खांद्यामागे बायको उभी होती.  तिने नुसतं बघितलं.

असा कितीसा वेळ गेला असेल? पट्ट्यावरून चार-पाच बाटल्या जाव्यात एवढा. तेवढ्यात त्याच्या मनात बरंच काही येऊन गेलं. कोपऱ्यातलं लहानसं पिंप आहे. असेल हे बिघडलेलं, मोठी अकरा तर वेगळी आहेत. शिवाय बारा वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसाला स्वतःच्या पिंपाचा वास कळत नसेल? कळून देतोय. तिच्या हातची शेवटची वाइन आहे, तेवढ्यासाठी देतोय. आपण कशाला त्याच्या दुःखात आकडा घालायचा?

"छान," तो म्हणाला.

"नीट बघ."

"छान आहे रे. उत्तम."

"नक्की?"

"नक्की."

भट्टीवाल्याने श्वास सोडला. त्याने बादशहाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हसला, तोंडभर हसला. इतक्या वर्षांत त्याला असं हसताना बादशहाने पाहिलं नव्हतं. निदान आपल्या बोलण्यावर कुणाला असं हसताना तर पाहिलंच नव्हतं. त्याच्या छातीत काहीतरी ऊबदार हललं. जीव सुखावला म्हणतात तो असा.

"मोठी नाही चाखायची?" त्याने विचारलं.

"ती नकोत. ती मी उघडत नाही फार." भट्टीवाला घाईत होता. "आता तुम्ही फिरून या. इथे आसपास मोठमोठे मळे आहेत, लोक लांबून बघायला येतात. मला आज खाली काम आहे. जेवायलाच या संध्याकाळी."

गाडीत बसल्यावर बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. "बघा, किती आनंद झाला त्यांना," ती म्हणाली. वास तिलाही आला होता, पायरीवर उभी असूनही आला होता. पण तिने तो विषय काढला नाही, आणि त्यानेही काढला नाही.

पहिल्या मळ्यात त्यांनी वेली बघितल्या, फोटो काढले. दुसरा मळा म्हणजे नुसती जत्रा. बसगाड्या, तिकिटाची खिडकी, काचेच्या भिंतीआड ठेवलेली शेकडो पिंपं. छातीवर बिल्ला लावलेली एक तरुण बाई पंधरा-वीस जणांना घेऊन फिरत होती. बादशहा आणि त्याची बायको त्यात मिसळले. बाई एका पिंपापाशी थांबली.

"लाकूड श्वास घेतं," ती म्हणाली. "त्यामुळे आतली वाइन हळूहळू उडत जाते आणि वर जागा रिकामी होते. त्या रिकाम्या जागेत हवा शिरली की वाइन आंबते. म्हणून आम्ही दर महिन्याला प्रत्येक पिंपात भर घालतो, गळ्यापर्यंत. त्यासाठी एक-दोन लहान पिंपं बाजूला राखून ठेवलेली असतात."

मग तिने टेबलावर मांडलेल्या बरण्यांकडे सगळ्यांना नेलं. वास ओळखायचा खेळ होता. कशात व्हॅनिला, कशात मिरी, कशात ओली माती. लोक हसत होते, चुकत होते. शेवटच्या बरणीपाशी ती म्हणाली, "ही मात्र सांभाळून."

बादशहाने झाकण उचललं आणि सकाळचाच झणका नाकात चढला.

"ही बिघडलेली वाइन आहे," बाई सांगत होती. "आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी हीच हुंगायला देतात. कारण भर घालायचं लहान पिंप जर असं झालेलं असेल आणि न बघता कुणी त्यातून भर घातली, तर सगळी रांग गेली. म्हणून भर घालायच्या आधी दोन माणसांनी वास घ्यायचाच, असा नियम आहे."

बायकोने त्याचा दंड धरला. तिला समजलं होतं.

बाहेर गाडीपाशी येईपर्यंत बादशहाला बाकीचंही समजलं होतं. करपलेलं दूध. "नीट बघ. नक्की?" लहान पिंपापुढेच उभं करणं आणि मोठ्यांना हात न लावणं. भट्टीवाल्याला वास येतच नव्हता. त्याने वाइन प्यायला बोलावलं नव्हतं, नाक मागायला बोलावलं होतं.

त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. तळघरात, सोळा पायऱ्या खाली, कुणाला ऐकू जाणार होती? बायकोने गाडीच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

परतीच्या वाटेवर एका ट्रॅक्टरमागे ते किती तरी वेळ अडकले. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना वेली, ट्रॅक्टरवाला मागे बघेना. बादशहा कधी हॉर्न न वाजवणारा माणूस, पण त्याने हॉर्नवरून हात काढला नाही. "झालं नसेल हो," बायको म्हणत होती. "अकरा पिंपं आहेत, एकट्याने करायची, वेळ लागतोच की."  

ते पोचले तेव्हा भट्टीवाला घराबाहेरच्या नळावर नरसाळं धूत होता. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, चेहरा लाल. त्यांना बघून त्याने नरसाळं उंच धरलं.

"झालं!" तो ओरडला. "पाच महिन्यांचं काम एका दिवसात. एकेका पिंपात बादली बादली गेली रे. ती असताना दर महिन्याला व्हायचं. मला हातच लावायची भीती वाटत होती."

बादशहा गाडीतून उतरला, पण त्याला दरवाजा लावायचं सुचलं नाही.

"ते आंबलेलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"सकाळचं. व्हिनेगर झालेलं होतं. मला कळलं होतं."

नळ वाहत होता. भट्टीवाल्याने तो नीट बंद केला, नरसाळं भिंतीला टेकवून ठेवलं आणि हात पुसले.

"दुसरं? दुसऱ्या पिंपातलं? मी दोन्हींतून घेतलंय."

"दुसरं मी चाखलंच नाही."

"चल," भट्टीवाला म्हणाला.

तो पुढे, मागे बादशहा, त्यामागे बायको. तळघरात पाऊल टाकतानाच सकाळी नसलेला वास आला. तरी भट्टीवाल्याने एकेक बूच काढलं आणि एकेकावर त्याला वाकायला लावलं. पहिलं. दुसरं. तिसऱ्यापाशी बादशहाने सांगितलं की सगळ्यांचं तेच आहे. भट्टीवाला म्हणाला, "सगळी बघ." त्याने सगळी बघितली. एकही सुटलं नव्हतं.

"काही करता येतं का, भाऊजी?" बायकोने विचारलं. "काही औषध?"

"आणखी बिघडायचं थांबवायचं औषध असतं, वहिनी. आलेला वास काढायचं नसतं." तो पायरीवर बसला. "दोन वर्षांपूर्वी ताप आला होता मला. ताप गेला, वास पण गेला. चवही म्हणावी तशी येत नाही. तिला सांगितलं, आणखी कुणाला नाही. वाइनवाल्याला नाक नाही हे या भागात कळलं, तर घेणारा दारातही उभा राहणार नाही. मग ती हुंगायची आणि मी करायचो. मजेत चाललं होतं आमचं."

"मला सांगायचं होतंस!" बादशहा जवळजवळ ओरडलाच. "फोनवर एक शब्द बोलला असतास तर!"

"सांगितलं असतं तर तुला माझी दया आली असती. दया आलेला माणूस गोड बोलतो." भट्टीवाला त्याच्याकडे बघत नव्हता. "म्हटलं, याला काही सांगायला नको. हा आपणहून बोलतोच."

त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. भट्टीवाल्याने घेणाऱ्याला फोन करून सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं, मग मुलाला फोन केला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता, एकसारखा, शांत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं बादशहाला वाटलं.

रविवारी सकाळी लवकर ते निघाले. भट्टीवाल्याने गाडीपर्यंत येऊन बायकोला म्हटलं, "सांभाळून जा, वहिनी." बादशहाला तो काही म्हणाला नाही. मागे वळून तळघराकडे गेला.

मळ्यांचा भाग संपेपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम तिला हुंदका आला.

"माझ्यामुळे झालं सगळं," ती म्हणाली. "मी शपथ घातली नसती तर तुम्ही बोलला असता. मी मुकं केलं तुम्हाला. त्या माणसाचं घर मी मोडलं."

हे त्याला फार सोयीचं होतं. तो गप्प राहिला असता तर ते तसंच राहिलं असतं. आयुष्यभर तिने ते उचललं असतं, तो अधूनमधून "जाऊ दे गं" म्हणाला असता, आणि तिने त्याला चांगलाही म्हटलं असतं. त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तुझी शपथ मला आठवत होती," तो म्हणाला. "पण मी त्यापायी खोटं नाही बोललो. मी शपथ मोडत होतो. शब्द तोंडात आला होता माझ्या. तेवढ्यात त्याच्याकडे बघितलं. आणि वाटलं, आता छान म्हटलं तर हा खूश होईल. माझ्यावर खूश होईल. त्या चहावालीसारखा. मला ते हवं होतं गं. एकदा तरी. म्हणून बोललो खोटं. आणि तो हसला तेव्हा मला बरं वाटलं. खोटं बोललोय हे माहीत असून बरं वाटलं."

बायको त्याच्याकडे वळली. तिने डोळे पुसले.

"हे मला काय सांगताय?" ती म्हणाली. "त्यांना सांगा."

"आता काय उपयोग?"

"उपयोग नाहीच. तरी सांगा. फिरवा गाडी."

त्याने गाडी फिरवली.

भट्टीवाला तळघरातच होता. पहिल्या पिंपाला त्याने रबरी नळी लावली होती, आणि वाइन फरशीवरच्या नाल्यातून लाल होऊन बाहेर चालली होती. तो तिच्याकडे बघत स्टुलावर बसला होता. पावलं वाजली तशी त्याने मान वर केली.

"काही विसरलात का?"

बादशहा शेवटच्या पायरीवर उभा राहिला. एकतीस वर्षं त्याला बोलताना कधी असं अडखळायला झालं नव्हतं. दुसऱ्याचा दोष सांगणं सोपं असतं. "काल मी तुझी दया आली म्हणून खोटं नाही बोललो," तो म्हणाला. "शपथेपायीही नाही. मला कुणी कधी जवळ केलं नाही, तुला माहितीय. पोरगीपण बोलत नाही. मला वाटलं, छान म्हटलं तर तुला मी आवडेन. एवढंच. एवढ्यासाठी तुझी अकरा पिंपं घालवली मी."

 नाल्यातून धार वाहत होती. भट्टीवाल्याचा चेहरा आधी कोरा होता, मग त्याला खरोखरच काही समजत नसल्यासारखा झाला.

"अरे पण," तो म्हणाला, "तू मला आवडत होतासच की रे."

मग तो उठला, नळी काढून दुसऱ्या पिंपाला लावली, आणि पुन्हा स्टुलावर बसला.